मुक्ता: एका नावात राहणारे दोन शब्द

तापी आणि पूर्णा या नद्यांच्या संगमापासून जवळच, जळगाव जिल्ह्याच्या पूर्वेकडील टोकाला, मुक्ताईनगर हे तालुक्याचे गाव आहे. या गावाचे जुने नाव एदलाबाद, आणि वयस्क माणसांच्या बोलण्यात ते अजूनही अधूनमधून येते. परंतु आज साऱ्या परिसराची ओळख मुक्ताईच्या नावानेच होते. इथे भेटल्यावर माणसे एकमेकांना "जय मुक्ताई" म्हणतात, दुकानांच्या पाट्यांवर तेच नाव असते आणि लेकीसुनांमध्येही मुक्ता किंवा मुक्ताबाई हे नाव आढळते. मात्र "मुक्ता म्हणजे काय?" असे कोणाला विचारले, तर एकाच घरात दोन उत्तरे मिळतात. शाळेत संस्कृत शिकलेली मुलगी "मोती" म्हणते आणि वारीला जाणारी आजी "मुक्ती" म्हणते. दोन्ही उत्तरांना आधार आहे, परंतु दोन्ही सारखी अचूक नाहीत. संस्कृतात "मुक्ता" असे लिहिले जाणारे शब्द प्रत्यक्षात दोन आहेत. त्यांपैकी एक विशेषण आहे आणि दुसरा एका वस्तूचे नाव आहे, आणि त्या दोघांचे जन्मस्थान एकच असेल असेही खात्रीने म्हणता येत नाही.

प्रथम विशेषण पाहू, कारण खान्देशातील नाव त्यावरूनच आले आहे असे मला वाटते. संस्कृतात "मुच्" हा धातू सोडणे, मोकळे करणे या अर्थाचा आहे. धातूला "क्त" नावाचा प्रत्यय लागला की क्रिया पूर्ण झाल्याचे सांगणारे विशेषण तयार होते. कृ या धातूपासून कृत म्हणजे केलेले आणि दा या धातूपासून दत्त म्हणजे दिलेले, हे शब्द याच रीतीने बनतात. धातूच्या शेवटी च् असेल तर पुढच्या त-काराजवळ येताना त्याचा क् होतो. म्हणून वच् पासून उक्त, सिच् पासून सिक्त आणि मुच् पासून मुक्त असे रूप होते. मुक्त म्हणजे सोडलेला, सुटलेला. त्याचे स्त्रीलिंगी रूप मुक्ता, म्हणजे "जी सुटली आहे ती".

आजीचे "मुक्ती" हे उत्तर इथे थोडेसे हुकते, आणि हा भेद बारीक असला तरी महत्त्वाचा आहे. मुक्ती हा शब्द त्याच धातूपासून परंतु निराळ्या प्रत्ययाने बनतो आणि त्याचा अर्थ सुटण्याची क्रिया किंवा सुटलेपणाची अवस्था असा होतो. तृप्त माणसाच्या अवस्थेला आपण तृप्ती म्हणतो आणि दीप्त वस्तूच्या तेजाला दीप्ती म्हणतो, त्याच नात्याने मुक्त आणि मुक्ती हे शब्द जोडलेले आहेत. मराठी मुलींच्या नावांत हे दोन्ही साचे भरपूर दिसतात. तृप्ती, दीप्ती, कीर्ती, प्रगती ही अवस्थेची किंवा गुणाची नावे आहेत, तर अर्पिता, नमिता, ललिता ही "क्त"च्या घडणीची विशेषणे आहेत. मुक्ती नावाच्या मुलीला तिच्या आईवडिलांनी एका ध्येयाचे नाव दिलेले असते. मुक्ता नावाच्या मुलीबद्दल मात्र त्यांनी एक पूर्ण विधान केलेले असते, की ही सुटली आहे. सुटण्याची इच्छा असलेल्यासाठी संस्कृतात मुमुक्षू असा वेगळा शब्द आहे आणि तोही मुच् धातूचाच आहे. म्हणजे मुमुक्षू वाटेवर असतो, मुक्ती हे त्या वाटेचे ठिकाण असते आणि तिथे पोहोचलेल्या स्त्रीला मुक्ता म्हणतात.

हे सारे पोथीतले आहे आणि आपल्या रोजच्या बोलण्याशी त्याचा संबंध नाही, असे वाटण्याचा संभव आहे; परंतु मुच् धातूची प्राकृतातून आलेली लेकरे मराठीच्या अंगाखांद्यावर खेळत आहेत. मुक्त या शब्दाची प्राकृतात दोन रूपे आढळतात, एक मुत्त आणि दुसरे मुक्क. मुक्क या रूपाच्या घराण्यात आपला "मोकळा" हा शब्द येतो. दावे सोडल्यावर गुरे मोकळी होतात, नांगरटीनंतर जमीन मोकळी होते आणि मनातले बोलून टाकले की माणूस मोकळा होतो. "धाय मोकलून रडणे" यातील मोकलणे, म्हणजे आवरून धरलेले सोडून देणे, हेही तिथलेच. "मुकणे" हे क्रियापदही अभ्यासक याच घराण्यात ठेवतात, आणि मला ही गोष्ट फार विचार करायला लावणारी वाटते. कारण जे हातून सुटले त्याला आपण मुकतो आणि ज्यातून आपण सुटलो त्यापासून मोकळे होतो, अशा दोन उलट अनुभवांसाठी भाषेने एकाच मुळातून शब्द काढले आहेत. त्यामुळे मुक्ता या नावाचा अर्थ लहान मुलाला सांगायचा असेल, तर "मोकळी" हा शब्द पुरेसा आहे. तो सोपा आहे, घरातला आहे आणि व्युत्पत्तीच्या दृष्टीनेही नात्यातला आहे.

आता ज्यांच्यामुळे हे नाव महाराष्ट्राच्या घराघरात पोहोचले, त्या मुक्ताबाईंकडे वळू. परंपरेनुसार त्यांचा जन्म शके १२०१ म्हणजे इ.स. १२७९ मधील. निवृत्तिनाथ, ज्ञानदेव आणि सोपानदेव या तीन भावांची ही धाकटी बहीण. आईवडील गेल्यानंतर या चार भावंडांनी जे सोसले ते मराठी माणसाला सांगावे लागत नाही. या चार नावांचा क्रम पाहून वारकरी परंपरेने फार पूर्वीपासून एक अर्थ सांगितला आहे. आधी विषयांतून मन मागे फिरते ती निवृत्ती, मग येते ते ज्ञान, मग चढायच्या पायऱ्या म्हणजे सोपान, आणि शेवटी मुक्ता. कीर्तनांतून हा क्रम ऐकताना मला नेहमी एक गोष्ट जाणवते, ती व्याकरणाची आहे. निवृत्ती हे मनाच्या एका हालचालीचे नाव आहे, ज्ञान ही मिळवायची गोष्ट आहे आणि सोपान हे साधन आहे. या तिन्ही शब्दांनी वाट सांगितली जाते, वाटसरू सांगितला जात नाही. चौथा शब्द मात्र वाटसरूचा आहे आणि तो स्त्रीलिंगी आहे. परंपरेला इथे "मुक्ती" हा शब्दही वापरता आला असता आणि यादी अधिक एकसारखी झाली असती. परंतु नाव होते मुक्ता, आणि त्यामुळे त्या यादीच्या शेवटी एक जिवंत मुलगी उभी राहते.

तिच्या चरित्रातील ज्या दोन गोष्टी सर्वाधिक सांगितल्या जातात, त्या दोन्ही या नावाचाच अर्थ उलगडणाऱ्या आहेत. पहिली ताटीच्या अभंगांची. ताटी म्हणजे झोपडीचे कुडाचे दार. लोकांच्या बोलण्याने दुखावलेले ज्ञानदेव ताटी लावून आत बसले, आणि बाहेर उभ्या राहिलेल्या धाकट्या बहिणीने त्यांची समजूत काढून ती उघडायला सांगितली, अशी ती कथा आहे. कोंडून घेतलेल्याला मोकळे करणारी व्यक्ती इथे वयाने सर्वांत लहान आहे. दुसरी गोष्ट चांगदेवांची. परंपरेत ज्यांचे वय चौदाशे वर्षे सांगतात त्या योगी चांगदेवांनी ज्ञानदेवांना पत्र लिहायला घेतले. वयाने लहान म्हणून आशीर्वाद लिहावा की ज्ञानाने मोठे म्हणून नमस्कार लिहावा हे त्यांना ठरवता येईना, आणि त्यांनी कोराच कागद पाठवला. तो पाहून मुक्ताबाई म्हणाल्या, की इतकी वर्षे जगूनही चांगदेव कोरेच राहिले. त्या कोऱ्या कागदाला उत्तर म्हणून ज्ञानदेवांनी लिहिलेल्या ६५ ओव्या "चांगदेव पासष्टी" या नावाने प्रसिद्ध आहेत. पुढे चांगदेवांनी मुक्ताबाईंनाच गुरू केले. तापी-पूर्णेच्या संगमावरील गावाला चांगदेव हेच नाव आहे आणि तेथे जुने दगडी मंदिर आहे. त्यामुळे आमच्या भागात गुरू आणि शिष्य यांची नावे नकाशावरही शेजारीशेजारी आली आहेत.

खान्देशाचा आणि या नावाचा संबंध दृढ होण्याचे कारण मुक्ताबाईंच्या अखेरच्या प्रसंगात आहे. ज्ञानदेवांनी इ.स. १२९६ मध्ये आळंदीला समाधी घेतली. त्यानंतर सोपानदेवांनी सासवडला समाधी घेतली, आणि उरलेली भावंडे तापीच्या तीरावर आली असताना शके १२१९ म्हणजे इ.स. १२९७ च्या वैशाखात वीज कडाडली आणि मुक्ताबाई गुप्त झाल्या, असे परंपरा सांगते. इथे समाधी घेतली असे न म्हणता गुप्त झाल्या, असेच म्हणतात. भावांच्या समाधीच्या कथांत जागा तयार करणे, आत बसणे, शिळा लावणे असे तपशील येतात. बहिणीच्या कथेत विजेचा एक लखलखाट आहे आणि मागे काहीही उरत नाही. नाव आणि शेवट यांचे असे जुळणे क्वचितच दिसते. तापीकाठचे मेहूण आणि मुक्ताईनगरजवळचे कोथळी ही दोन्ही क्षेत्रे या स्मृतीशी जोडलेली आहेत, आणि दर वर्षी आषाढी वारीसाठी मुक्ताईंची पालखी इथून निघून सुमारे महिनाभर पायी चालत पंढरपूरला पोहोचते.

आता मोत्याकडे येऊ. संस्कृतात मोत्याला मुक्ता, मुक्ताफल आणि मौक्तिक असे शब्द आहेत, आणि अमरकोशातही मौक्तिक आणि मुक्ता हे शब्द शेजारीशेजारी येतात. आपला "मोती" हा शब्द मौक्तिक या रूपावरून आला. संस्कृतातील क्त या जोडाक्षराचा प्राकृतात त्त होतो आणि मराठीत एकच त उरतो. भक्त म्हणजे शिजलेले अन्न, त्याचे भत्त आणि मग भात झाले. रिक्तचे रित्त आणि मग रिता झाले. त्याच नियमाने मौक्तिकचे मोत्तिअ आणि मग मोती झाले. मोत्याला मुक्ता का म्हणतात, याचे जुने उत्तर असे, की शिंपल्यातून सुटून बाहेर येते म्हणून ती मुक्ता. हे उत्तर सुंदर आहे आणि ते खरे असेल तर दोन्ही शब्द शेवटी एकच ठरतात. परंतु भाषाशास्त्रज्ञांना त्यात एक अडचण दिसते, आणि ती समजून घेण्यासारखी आहे.

वेदांत मोत्यासाठी मुक्ता हा शब्द येत नाही. तिथे "कृशन" असा वेगळाच शब्द आहे. ऋग्वेदात सवित्याचा रथ कृशनांनी सजवलेला आहे आणि अथर्ववेदात शंख व कृशन यांचा उल्लेख रक्षण करणाऱ्या ताईतासारखा येतो. मुक्ता हा शब्द त्यानंतरच्या साहित्यात दिसू लागतो. दुसरीकडे तमिळमध्ये मोत्याला "मुत्तु" म्हणतात आणि कन्नड, तेलुगू या भाषांतही त्याचीच भावंडे आहेत. मोती मिळण्याची भारतातील सर्वांत प्रसिद्ध जागाही दक्षिणेतच होती. ताम्रपर्णी नदीच्या मुखाजवळचे कोर्कै हे पांड्यांचे बंदर मोत्यांसाठी ख्यात होते आणि इ.स.च्या पहिल्या शतकातील ग्रीक समुद्रप्रवासवर्णनातही त्याचा उल्लेख आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात मोत्यांचे प्रकार त्यांच्या उगमस्थानांवरून सांगितले आहेत, आणि त्या यादीत ताम्रपर्णीचे व पांड्य प्रदेशाचे मोती येतात.

यावरून अनेक अभ्यासकांनी असा तर्क केला, की माल ज्या प्रदेशातून आला त्या प्रदेशातूनच त्याचे नावही आले असावे. दक्षिणेचे मुत्तु उत्तरेच्या बोलींत मुत्ता झाले. पंडितांनी तो शब्द संस्कृतात घेताना उलटा हिशेब केला. भत्त म्हणजे भक्त, रित्त म्हणजे रिक्त, तर मुत्ता म्हणजे मूळची मुक्ता असणार, असे त्यांनी धरले आणि शब्दाला संस्कृत पोशाख चढवला. तसे असेल तर शिंपल्यातून सुटण्याचा अर्थ हा शब्द बनल्यानंतर त्याला जोडलेला आहे. उलट मत असणारेही आहेत. त्यांच्या मते मुक्ता हाच मूळ शब्द असून त्याचे प्राकृत रूप दक्षिणेत गेले. या वादाचा शेवटचा निकाल लागलेला नाही. तरी वेदांतील निराळा शब्द आणि मोत्यांचे दक्षिणेतील उगमस्थान या दोन गोष्टी मला अधिक वजनदार वाटतात, आणि माझे मन दक्षिणेच्या बाजूने झुकते. यात नावाची काही हानी होत नाही. मद्रासच्या डॉक्टर मुत्तुलक्ष्मी रेड्डी (१८८६ ते १९६८), ज्यांनी देवदासी प्रथेविरुद्ध कायद्यासाठी मोठे काम केले, त्यांच्या नावातील मुत्तु आणि आपल्या नथीतील मोती हे एकाच कुळातले आहेत, एवढेच त्यातून निष्पन्न होते. मोत्यावरून मुलीचे नाव ठेवणे ही तर जगभरची रीत आहे. मार्गारेट हे नाव मोत्यासाठी असलेल्या ग्रीक शब्दावरून आले, आणि हिब्रू भाषेतील पनिना या नावाचा संबंधही मोत्याशीच जोडतात.

मग आपल्याकडील मुक्ता कोणती? माझ्या मते, भावंडांच्या नावांचा क्रम ज्या परंपरेने जपला, तिच्या दृष्टीने उत्तर स्पष्ट आहे. निवृत्ती, ज्ञान आणि सोपान यांच्या पाठोपाठ रत्नाचे नाव येण्याचे काही प्रयोजन दिसत नाही. म्हणून खान्देशातील एखाद्या कुटुंबाने मुक्ताईवरून मुलीचे नाव ठेवले असेल, तर त्या नावाचा अर्थ "मोकळी झालेली" असा आहे, आणि नावांच्या यादीत "मुक्ता: मोती" एवढेच छापलेले पाहून त्यांनी गोंधळून जाऊ नये. एखाद्याने हौसेने, मोत्यासारखी म्हणून मुलीचे नाव मुक्ता ठेवले असेल, तर तेही चूक नाही. ते दुसऱ्या शब्दावरून ठेवलेले दुसरे नाव आहे, इतकेच.

नावापुढे लागणाऱ्या "बाई" आणि "आई" यांचाही थोडा विचार करावा लागतो. मुक्ताबाई हे रूप आदराचे आहे आणि ते कोणत्याही वयाच्या स्त्रीला लागते. मुक्ताई या रूपात मुक्ता आणि आई यांचा संधी झालेला आहे, जसा जिजाई, रमाई या नावांत होतो. इतिहासातील मुक्ताबाई विशीच्या आतच गेल्या, त्यांचे लग्न झाले नाही, त्यांना मूल नव्हते. तरीही लोकांनी त्यांना आई केले. खान्देशात तर त्यांना "आदिशक्ती मुक्ताई" म्हणतात, म्हणजे धाकट्या बहिणीचे नाते पार करून लोकमानसाने त्यांना थेट जगाच्या आईच्या जागी बसवले आहे. माझ्या दृष्टीने हा एका नावाने केलेला सर्वांत लांबचा प्रवास आहे.

पुढच्या काळात हे नाव धारण करणाऱ्या दोघींचा उल्लेख करायलाच हवा. अहिल्याबाई होळकरांच्या मुलीचे नाव मुक्ताबाई होते. आणि जोतीराव व सावित्रीबाई फुले यांच्या पुण्यातील शाळेची विद्यार्थिनी मुक्ता साळवे हिने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध १८५५ मध्ये "ज्ञानोदय" पत्रात प्रसिद्ध झाला. तो आजही वाचला जातो. आपल्या लोकांवर लादलेली बंधने एकेक करून मोजणाऱ्या त्या विद्यार्थिनीचे नाव मुक्ता असावे, ही गोष्ट लक्षात राहण्यासारखी आहे.

जन्माक्षर पाहणाऱ्यांसाठी एक छोटी माहिती द्यायची तर, मू हे अक्षर मघा नक्षत्राच्या तिसऱ्या चरणाचे आणि म्हणून सिंह राशीचे मानतात. उच्चारात मात्र काळजी घ्यावी लागते. लिहिताना मु ऱ्हस्व आहे, आणि क्त हे जोडाक्षर घाईने बोलताना सैल होऊन "मुख्ता" असे ऐकू येते.

घरात हाक मारताना या नावाचे आणखी एक रूप होते. संस्कृतात आकारान्त स्त्रीलिंगी नामाचे संबोधन ए-कारान्त असते: रमा हिला रमे, सीता हिला सीते आणि मुक्ता हिला मुक्ते. ज्ञानदेवांच्या काळात हे रूप व्याकरणाच्या पोथीत होते आणि आजही आहे. आमच्याकडे संध्याकाळी ओसरीवर दिवा लावून झाला, की खळ्यात खेळणाऱ्या मुलीला तिची आजी "काय वं मुक्ते, ये आता घरात" म्हणून हाक मारते, तेव्हा ती कोणतीही पोथी न पाहता तेच रूप वापरते.